निळूभाऊंना कायमचं पाटील कुणी केलं? चरित्र अभिनेत्याच्या कामाचा सोपा उलगडा

ऑगस्ट २०२५ मध्ये अच्युत पोतदार गेले. बातमी आली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडला, "कोण हे?" मग कुणीतरी ‘थ्री इडियट्स’मधल्या प्राध्यापकाचा फोटो टाकला आणि सगळ्यांना एकदम ओळख पटली. "अरे, हे होय! किती वर्षं बघतोय यांना." आधी सैन्यात, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी, चाळिशी उलटल्यावर चित्रपटात काम, आणि तरीही सव्वाशेच्या वर चित्रपट. चेहरा घराघरात पोचलेला, नाव मात्र चटकन कुणाच्या तोंडी येईना. बातम्यांत त्यांचा उल्लेख ‘ज्येष्ठ चरित्र अभिनेते’ असा होता. ते वाचून आईनं विचारलं, "चरित्र अभिनेते म्हणजे? कुणाच्या चरित्रावर सिनेमा केला होता का यांनी?"

आईचा प्रश्न अगदी रास्त आहे. हा शब्द आपण वर्षानुवर्षं वाचतो, पुरस्कारांच्या यादीत आणि मृत्युलेखात हमखास भेटतो, पण त्याचा अर्थ कुणी नीट सांगत नाही. तो सांगायचा तर कुणातरी एका नटाचं बोट धरून जाणं बरं. मी निळू फुल्यांचं बोट धरतो, कारण रंगमंच आणि पडदा या दोन्हींकडून नटाला काय मिळतं आणि त्याच्याकडून काय काढून घेतलं जातं, हे त्यांच्याइतकं लख्ख दुसऱ्या कुणाच्या वाटचालीत मला दिसलेलं नाही.

घोटाळा शब्दातच आहे

मराठीत चरित्र म्हणजे आयुष्याची हकीकत. शिवचरित्र, आत्मचरित्र. माणसाच्या शीलाला आपण चारित्र्य म्हणतो. ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द आपल्याकडे हिंदीतून आला, आणि हिंदीत चरित्र म्हणजे कथेतलं पात्र. मराठी सिनेमावाले बोलताना सरळ ‘कॅरेक्टर आर्टिस्ट’ किंवा ‘कॅरेक्टर रोल’ म्हणतात. त्यामुळे आईसारख्या मराठी वाचकाची गफलत होणं साहजिक आहे.

आता अर्थ. नायकाला निवडताना त्याची स्वतःची प्रतिमा विकत घेतली जाते. प्रेक्षक त्याला बघायला येतो, त्याचं नाव तिकीट खपवतं. चरित्र अभिनेत्याला निवडतात ते दुसरा कुणीतरी माणूस त्याच्यातून दिसावा म्हणून. तो माणूस ठरावीक गावचा, ठरावीक धंद्याचा, ठरावीक वयाचा असतो. त्याची बसण्याची, पान लावण्याची, पैसे मोजण्याची एक रीत असते.

आपण एखाद्या अनोळखी गावी एसटीनं उतरतो. गाव कसं आहे हे आपल्याला देवळावरून किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावरून कळत नाही. स्टँडवरचा टपरीवाला सुटे पैसे कसे परत करतो, पारावरचा म्हातारा "कुणाकडं?" कसं विचारतो, त्यावरून कळतं. सिनेमातला नायक आपल्याबरोबर गाडीतून उतरलेला असतो. ते गाव उभं करणारी माणसं म्हणजे चरित्र अभिनेते. ती खोटी वाटली तर नायक कितीही देखणा असो, गाव पुठ्ठ्याचं वाटतं.

‘सहाय्यक अभिनेता’ हा पुरस्काराचा कप्पा आहे. त्या एका चित्रपटात भूमिका दुय्यम होती, एवढाच त्याचा अर्थ. चरित्र अभिनेता ही मात्र नटाची जात आहे, ती भूमिकेच्या लांबीवर ठरत नाही. नाटकाचं नावच ज्याच्यावरून पडलं अशी मध्यवर्ती भूमिकाही चरित्र अभिनेता करू शकतो. त्याचं उदाहरण पुढे येतंच आहे.

बागेतून वगात

नीळकंठ कृष्णाजी फुले पुण्याचे. आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात त्यांनी माळीकाम केलं. राष्ट्र सेवा दलाशी जोडले गेले आणि सेवा दलाच्या कलापथकात नाटक शिकले. शिकले म्हणजे वर्गात बसून नव्हे. गावोगाव फिरून, मिळेल त्या ओट्यावर उभं राहून.

कलापथकाचा मुख्य प्रकार लोकनाट्य. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे सलग गोष्ट, ही तमाशाची जुनी रचना. त्यातून आजच्या प्रश्नांवर बोलायचं. लोकनाट्यात संहिता असते, पण ती दगडावरची रेघ नसते. समोरचा प्रेक्षक कसा आहे, काल गावात काय घडलं, पेपरात काय आलं, यावर नट जागच्या जागी वाक्य रचतो. टाळी आली नाही तर पुढच्या क्षणी वाट बदलायची. दूरचित्रवाणीसमोर वाढलेल्या आपल्या पिढीला ही तालीम किती कठीण असते याची कल्पना येत नाही. इथला नट माणसं वाचायला शिकतो, कारण समोरची माणसं कळली नाहीत तर त्याचा प्रयोग पडतो.

शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं निळू फुले हे नाव महाराष्ट्रभर झालं. त्यातूनच १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात त्यांना झेलेअण्णाची भूमिका मिळाली. पडद्यावरचा प्रवास इथून सुरू झाला.

मग १९७२. विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’, दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं. छापखान्यात बाइंडिंगचं काम करणारा, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, तोंडानं शिवराळ, हातानं क्रूर, आणि रात्री मृदंग घेऊन बसणारा सखाराम निळूभाऊंनी केला. त्यानं घरी आणलेल्या बायकांपैकी चंपा होत्या लालन सारंग. नाटकावर बंदी आली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल नाटकाच्या बाजूनं लागला. त्या वादाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मला इथं दुसरीच गोष्ट दाखवायची आहे. ही भूमिका नावानं आणि लांबीनं नाटकाचा नायक आहे. पण तिला ‘नायक’ लागत नव्हता. देखणा, सहानुभूती ओढून घेणारा नट त्या जागी उभा राहिला असता तर नाटकच कोसळलं असतं. तिथे छापखान्याच्या शाईचा वास अंगाला असलेला माणूस हवा होता.

"नाटकवाले कॅमेऱ्यासमोर ओरडतात ना?"

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

बांधावर उभं राहून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारायची तर आवाज पोटातून काढावा लागतो. हात वर करावा लागतो, नुसती मान हलवून भागत नाही. तोच माणूस रात्री घरी येतो, पाळण्यात मूल झोपलेलं असतं आणि बायकोला तीच गोष्ट सांगायची असते. गोष्ट बदलत नाही, माणूस बदलत नाही, पण आवाज, हात, डोळे सगळं बदलतं. नाटक म्हणजे बांधावरची हाक आणि कॅमेरा म्हणजे पाळण्याशेजारचं बोलणं.

दादरच्या शिवाजी मंदिरात बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेलाही तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत. तिथं आवाजाची ‘फेक’ लागते, म्हणजे न ओरडता शब्द शेवटपर्यंत पोचवण्याची हातोटी. तिथं भुवई उंचावून उपयोग नाही. राग खांद्यातून, पाठीतून, चालण्यातून दिसावा लागतो. पडद्यावर याच्या उलट. क्लोजअपमध्ये चेहरा भिंतीएवढा होतो आणि पापणी लवली तरी ती घटना असते.

दुसरा फरक काळाचा. नाटकात नट पहिल्या अंकातून शेवटच्या अंकापर्यंत सलग चालत जातो. राग चढतो, उतरतो, त्याला शरीर साथ देतं. चित्रीकरण मात्र सोयीनं होतं. बंगला आज मिळाला असेल तर बंगल्यातले सगळे प्रसंग आज, मग त्यात शेवटचा प्रसंग पहिल्यांदा करावा लागला तरी चालतं. नायक निदान महिनाभर तरी त्या गोष्टीत राहतो. चरित्र अभिनेता चार दिवसांसाठी येतो. सकाळी पोचतो, कपडे चढवतो, आणि दुपारी त्याला असा माणूस व्हायचं असतं जो त्या वाड्यात पन्नास वर्षं राहिला आहे. ते पन्नास वर्षांचं ओझं त्यानं घरून आणावं लागतं.

रंगमंचाचा उपयोग होतो तो इथं. तीनशे प्रयोग केलेल्या नटाला एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते: माणूस उभा करायला किती कमी गोष्टी लागतात. रोज रात्री, आजारी असताना, दौऱ्यावर बसमध्ये आठ तास काढल्यावर, तोच माणूस त्याला पुन्हा उभा करावा लागलेला असतो. त्यामुळे कोणती खूण पुरेशी आहे आणि कोणती फालतू, हे त्याला कळतं. कॅमेऱ्यासमोर जो नट ओरडतो, त्यानं नाटकातली फेक तेवढी आणली आणि हा हिशेब घरी विसरला.

याचा सर्वात ठळक पुरावा माझ्या मते सदाशिव अमरापूरकर. अहमदनगरचे, रंगभूमीवर वाढलेले. ‘हँड्स अप’ या मराठी नाटकात गोविंद निहलानींनी त्यांना पाहिलं आणि १९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी या गुंडाची भूमिका दिली. रामा शेट्टी पडद्यावर किती वेळ असतो? फारच थोडा. पण तो आवाज चढवत नाही. पोलिस अधिकारी समोर तापलेला असतो आणि हा निवांत. त्याच्याकडे सत्ता आहे, म्हणून त्याला घाई नाही. नाटकातून आलेल्या नटानं इतकं शांत बसणं ही त्या वेळच्या हिंदी पडद्याला नवी गोष्ट होती, आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

मुंबई हे एक कारण

इतके चरित्र अभिनेते मराठी रंगभूमीतून का आले, याला एक अगदी व्यावहारिक कारण आहे. हिंदी चित्रपट आणि मराठी व्यावसायिक नाटक एकाच शहरात वाढलं. नाटकाचे प्रयोग, आणि त्यांची ‘नाइट’ म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, बहुतेक शनिवार-रविवार आणि सणासुदीला. मधले दिवस मोकळे. दादर-पार्ल्याच्या थिएटरातला नट सोमवारी अंधेरीच्या स्टुडिओत जाऊ शकतो. शिवाय राज्य नाट्य स्पर्धा, कामगार नाट्यस्पर्धा, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका आणि दादरच्या छबिलदास शाळेतली प्रायोगिक नाटकांची चळवळ यांमुळे वाट बघणाऱ्या नटांची रांग कधी आटली नाही. नोकरी सांभाळून नाटक करणारे बँकवाले, कारखान्यातले, डॉक्टर यांची संख्या इथं मोठी होती. अशोक सराफ बँकेत होते, श्रीराम लागू आणि मोहन आगाशे डॉक्टर. खरी माणसं रोज समोर बसून पाहिलेला नट चरित्र भूमिकेत वेगळाच दिसतो. माळीकाम केलेला नट खुर्पं कसं धरायचं हे दिग्दर्शकाला विचारत नाही.

मग पाटील कुठून आला?

आता मुख्य गाठ. लोकनाट्यातला विनोदी नट, तेंडुलकरांचा सखाराम, इतका पल्ला असलेला माणूस मराठी पडद्यावर बहुतांशी एकाच रूपात का आठवतो? फेटा, धोतर, खर्जातला घोगरा आवाज, बाईकडे वळणारी तिरकी नजर. नकलाकार आजही मंचावर "बाई, वाड्यावर या" एवढं म्हणतात आणि सभागृह हसतं. माझी आत्या शनिवारी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागला आणि निळूभाऊ दिसले की हातातलं काम टाकून बोटं मोडायची. तिनं आयुष्यात त्यांना एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

याला ‘टाइपकास्टिंग’ म्हणतात, मराठीत साच्यात अडकणं. हे कसं होतं ते समजायला लग्नघर आठवा. एखाद्या भावानं एका लग्नात वऱ्हाडाच्या गाडीचं काम चोख केलं. सामान हरवलं नाही, म्हातारी माणसं वेळेवर चढली. पुढच्या प्रत्येक लग्नात गाडी त्याच्याच गळ्यात. त्याला कदाचित मांडव सजवता येतो, जेवणाचा हिशेब उत्तम येतो. कुणी विचारतच नाही. यात त्याच्यावर अविश्वास नाही, उलट पूर्ण विश्वास आहे. लग्नघाईत नवा प्रयोग करायला कुणाला सवड नसते.

चित्रपट ही कायमची लग्नघाई. पैसे व्याजावर, दिवस मोजके. आणि त्यात चरित्र भूमिकेचा एक खास पेच असतो. दोन-अडीच तासांच्या गोष्टीत त्या पात्राच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. हा माणूस कोण, गावावर त्याची दहशत का, हे सांगायला तीन प्रसंग खर्ची घालावे लागतील. पण फेटा बांधलेले निळू फुले दारातून आत आले की ते तीन प्रसंग वाचतात. प्रेक्षक आधीच्या दहा चित्रपटांतली भीती आपल्याबरोबर घेऊन आलेला असतो. निर्मात्याला ती फुकट मिळते. म्हणून तोच चेहरा, तीच भूमिका. साचा नटाच्या तोकडेपणातून जन्मतो ही समजूत मला फार अन्यायाची वाटते. बहुतेक वेळा तो नटाच्या ताकदीतून जन्मतो, कारण त्यानं एक काम इतकं पक्कं केलेलं असतं की गोष्ट सांगणाऱ्यांना त्याचा मोह सुटत नाही.

पण तो एकच पाटील होता का?

इथं मला वाचकांना हात धरून दोन चित्रपटांपाशी न्यायचं आहे. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल, दोन्हींचं लेखन तेंडुलकरांचं, आणि दोन्हींत समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू.

पहिला ‘सामना’, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला. निळूभाऊ आहेत हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याच्या जोरावर परिसर मुठीत ठेवणारा पुढारी. हा वाड्यावरचा जुना जमीनदार नाही. सहकार आला, कारखाने उभे राहिले, ऊस आणि मतं एकाच हातात आली, तेव्हा महाराष्ट्रात जो नवा सत्ताधीश तयार झाला तो हा. तो दारूत बुडालेल्या एका मास्तरला रस्त्यावरून उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आदरानं बोलतो. धाक दाखवायची त्याला गरजच पडत नाही. त्याचं आदरातिथ्य हाच धाक आहे. आणि लागूंचा मास्तर विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? तो प्रश्न ऐकताना निळूभाऊंचा पाटील काय करतो ते पाहा. तो चिडून उठत नाही. तो त्या प्रश्नाला जागा देतो, पाहुण्याला द्यावी तशी. नेहमीच्या चित्रपटांतल्या त्यांच्या पाटलाशेजारी हा ठेवला तर फेटा सोडून फारसं काही सारखं निघत नाही.

दुसरा ‘सिंहासन’, १९७९. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरचा. आता पारडं उलटं झालेलं आहे. लागू सत्तेसाठी डाव टाकणारे मंत्री विश्वासराव दाभाडे, आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. ज्यानं ‘सामना’त उत्तर टाळलं, तोच इथे सगळ्यांची उत्तरं टिपून घेत फिरतो. दिगू फार बोलत नाही. मंत्र्यांच्या दालनात, कॉरिडॉरमध्ये तो उभा असतो, ऐकतो, त्याला सगळं कळतं आणि काहीच थांबवता येत नाही. चित्रपटाच्या शेवटी तो रस्त्यावर हसत सुटतो. ते हसणं मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी माझ्या पोटात कालवतं.

साच्यात अडकलेल्या नटाला हे जमत नाही. जमलं कारण दोन्ही ठिकाणी दिग्दर्शक आणि लेखकाला रंगभूमीवरचे निळू फुले ठाऊक होते. त्यांनी पडद्यावरचा पाटील पाहून निवड केली नव्हती. पुढे १९८४ च्या ‘सारांश’मध्ये हिंदी प्रेक्षकांना ते गजानन चित्रे म्हणून भेटले, पुन्हा राजकारणी गुंड, पण शहरी. हिंदीला त्यांच्यातलं तेवढंच हवं होतं.

"पैशासाठी वाटेल ते चित्रपट का करायचे?"

कारण घर चालवायचं असतं. मी हे उत्तर आडपडदा न ठेवता देतो. नायकाचं मोठं मानधन चरित्र अभिनेत्याला मिळत नाही. त्याचं उत्पन्न संख्येतून येतं: चार दिवस इथं, सहा दिवस तिथं. नकार देत बसला तर फोन बंद होतात. प्रायोगिक नाटकातून भाडंही सुटत नाही. म्हणजे वाईट चित्रपटातला पाटील हा अनेकदा चांगल्या नाटकातल्या भूमिकेचा खर्च उचलत असतो.

निळूभाऊंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या प्रसिद्धीचा त्यांनी सार्वजनिक कामासाठी वापर केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर ते उभे राहिले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू आणि ते, बरोबर कितीतरी नामवंत नट, ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत महाराष्ट्र फिरले, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून पैसा उभा केला. पडद्यावर बायकांना छळणाऱ्या माणसाला बघायला लोक आले आणि ती गर्दी चळवळीच्या कामी आली.

साचा मोडता येतो का?

येतो, पण त्याची किंमत आणि पद्धत असते. दिलीप प्रभावळकर हे उत्तम उदाहरण. मुंबई दूरदर्शनवरच्या चिमणरावानं त्यांना घरोघर नेलं. तिथंच ते अडकू शकले असते. त्यांनी काय केलं? ‘हसवाफसवी’ हे नाटक लिहिलं आणि त्यात स्वतः सहा भूमिका केल्या. एकाच संध्याकाळी सहा वेगळी माणसं, वेगळे आवाज, वेगळ्या चाली. हा रंगमंचावरून दिलेला जाहीर दाखलाच होता: मला एका कप्प्यात टाकू नका.

पडद्यावर त्याचं फळ दिसतं. ‘चौकट राजा’मधला नंदू, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा, ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. २००६ साठीचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘लगे रहो’ आणि ‘शेवरी’ या दोन्हींतल्या कामासाठी मिळाला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ‘दशावतार’ या चित्रपटाची मध्यवर्ती भूमिका. नायकाची कारकीर्द केस पांढरे झाले की डळमळते. चरित्र अभिनेत्याला वय म्हणजे भांडवलात पडलेली भर. पोतदारांनी चाळिशीनंतर सुरुवात केली तरी उशीर झाला नाही, त्याचं कारणही हेच.

मग निळूभाऊंनी असं का केलं नाही, असा प्रश्न येईल. त्यांनी केलं. जयवंत दळवींचं ‘सूर्यास्त’ आठवा; म्हातारा गांधीवादी अप्पाजी, मुलगाच सत्तेत गेलेला आणि बाप त्याच्याविरुद्ध उभा. पाटलाच्या अगदी दुसऱ्या टोकाचा माणूस. पण ते नाटक होतं. प्रभावळकरांना पुढे दूरचित्रवाणी मिळाली, बदललेला सिनेमा मिळाला. निळूभाऊंच्या भरातल्या वर्षांत मराठी पडद्याला ग्रामीण तमाशापटाचं वेड होतं, आणि तिथं पाटील लागायचाच.

राहिलं काय, गेलं काय

१३ जुलै २००९ ला निळू फुले गेले. त्यांना ओळखणाऱ्या पुढच्या पिढीकडे त्यांचे चित्रपट आहेत, मोबाइलवर फिरणारे तुकडे आहेत. त्यात पाटील भरपूर सापडतो. ‘अकलेच्या कांद्या’तला हजरजबाबी नट तुकड्यांत सापडत नाही, कारण त्याचं वाक्य त्या रात्रीच्या त्या गावासाठी होतं आणि तिथंच संपलं. नाटकवाल्या नटाचा हा तोटा हिशेबात धरावाच लागतो. त्याच्या कामातला जो भाग अधिक रुंद, तो हवेत विरतो. जो अरुंद, तो टिकतो आणि तोच त्याचं नाव होतो.

‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली ज्यांनी विशीत पाहिलं ते प्रेक्षक आता सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत असं कुणी असेल तर त्यांच्याशेजारी जरा बसा आणि विचारा, निळूभाऊ मृदंग घेऊन बसायचे तेव्हा थिएटर कसं व्हायचं.